बारा तलवारींचा वीर

प्राणी फासे टाकून लुटुपुटीच्या लढाया खेळायचे, तेव्हाची गोष्ट. ज्याचा त्याचा वीर कागदावर असायचा: नाव, शस्त्रं आणि जीव. घाव बसला की जीवाचा आकडा खोडून कमी करायचा.

सुगरणीने आठवडाभर खपून कागद सजवला. चौफेर वेलबुट्टी, तलवारींना बारा रकाने, जीवाला तिळाएवढा एक.

"माझ्या वीराला कोण हात लावतंय!" ती म्हणाली.

घुशीने अर्धा कागद जीवासाठीच मोकळा सोडला होता.

खेळ सुरू झाला आणि तिसऱ्याच घावाला आकडा खोडता खोडता सुगरणीचा जीवाचा रकाना फाटला.

"जीव किती उरला?" खेळ चालवणाऱ्या कासवाने विचारलं.

"इथे भोक पडलंय, कासवदादा."

"मग गेला तो," म्हणत कासवाने फासे घुशीकडे सरकवले.

सुगरणीने कागद निरखून पाहिला. बाराही तलवारी जागच्या जागी होत्या.