गुळावर बसलेला नंदी

नंदी काही केल्या बसेना!

भुजंगराजांनी देवळापुढे काळ्या दगडाचा नंदी करवून घेतला होता. तीन हत्तींच्या वजनाचा! चौथऱ्यावर त्याच्या मापाचा वीतभर खोल खळगा खोदला होता. माप इतकं नेमकं, की कडेला सुई शिरायची नाही. घोटाळा तिथंच झाला. दोरांवर तोलून नंदी खाली सोडला, की दोर त्याच्या पोटाखाली अडकायचे आणि नंदी वर डुगडुगायचा, सासुरवाडीला पाटावर बसलेल्या जावयासारखा!

राजशिल्पी गुंडोपंतांनी महिनाभर दोर बदलले, मजूर बदलले, मुहूर्तसुद्धा बदलले. शेवटी राजांनी दवंडी पिटवली, "टवका न उडवता नंदी बसवील त्याला उस्तादाचं तांब्याचं कडं!"

दुसऱ्या दिवशी दरबारात उभी राहिली बारा वर्षांची गजरी. परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला, नाकावर काजळी.

"नंदी मी बसवते. पण महाराज, मला तुमच्या शिल्पशाळेत शिकायचंय."

गुंडोपंतांना हसू आवरेना. "अगं चिमुरडे, मुलीनं बाई-उस्तादाच्याच हाताखाली शिकावं, असा शाळेचा नियम आहे. राज्यात बाई-उस्ताद एकही नाही!"

"मग झाली कशी नाही?"

"मुलींना शाळेत घेत नाहीत ना! होणार कुठून?"

आता या नियमाला शेंडी कुठली अन् शेपूट कुठलं, ते ज्यानं त्यानं शोधावं. गजरी मात्र हटेना. "मला माझ्या द्वारकामावशीनं शिकवलंय."

"ती गुऱ्हाळावरची?" पंत फिस्सकन हसले. "घाणा तर तिचा नवरा दुरुस्त करतो!"

घाणा कोण दुरुस्त करतं हे गावातल्या बैलांनाही ठाऊक होतं. काम मावशीचं, पागोटं नवऱ्याला! पण बैलाला दरबारात विचारतंय कोण?

राजांनी मिशीला पीळ दिला. "तीन दिवस दिले. टवका उडाला, तर तुझ्या मावशीची किकरं-पटाशी सगळी जप्त!"

हत्यारं गेली तर मावशी जगेल कशी? गजरी धावत गुऱ्हाळावर गेली.

"मावशे, युक्ती सांग!"

मावशी घाण्याची पाचर ठोकत होती. मान वर न करता म्हणाली, "युक्ती नाही सांगणार. कोडं घालते. नंदीखाली असं काय ठेवशील, की आधी वजन पेलेल आणि मग आपल्या पायानं निघून जाईल?"

"पाहुणा?"

"पाहुणा कधी आपल्या पायानं गेलाय, गजरे?"

गजरी विचार करत बसली, ती खुशाल बसूनच राहिली. उठायला गेली तर परकर उठेना! ओल्या ढेपेवर बसली होती बाईसाहेब. ढेप बुडाशी विरघळली होती आणि गजरी चार बोटं खाली आली होती.

"मावशे!" ती ओरडली. "गूळ!"

"चाटू नकोस, सांग," मावशी म्हणाली. पण गालात हसली.

तिसऱ्या दिवशी गजरीनं खळग्यात एकवीस कडक ढेपा मांडल्या, कडेपेक्षा चार बोटं उंच. मधल्या फटींतून दोर काढता येतील अशा बेतानं! नंदी अलगद ढेपांवर टेकला. दोर सुळकन बाहेर आले.

"आता कढत पाणी. चारी बाजूंनी सारखं!"

खळग्याच्या तळातून पाणी जायची पन्हळ होती. तिच्यातून काकवीची धार लागली. नंदी डुलत डुलत खाली निघाला.

"डावा खूर वर राहिला!" पंत आनंदानं किंचाळले.

"म्हणून डावीकडं दोन हंडे जास्त!" गजरी म्हणाली.

डावा खूर मुकाट खाली आला. नंदी खळग्यात असा बसला, जणू आईच्या पोटातून तसाच आला होता. टवका? नखाएवढासुद्धा नाही! पन्हळीच्या तोंडाशी मात्र अर्धा दरबार बोटं चाटत होता.

राजांनी कडं पुढे केलं. पंत आडवे आले.

"सबूर! कडं घेतलं की ही उस्ताद झाली. उस्तादाला शाळेत शिकायला घेत नाहीत. कडं नाही घेतलं, तर शिकवायला बाई-उस्ताद नाही. बोल पोरी, कुठून शिरतेस?"

राजांनी डोकं खाजवलं.

गजरीनं कडं घेतलं, गर्दीतून मावशीला ओढून आणलं आणि तिच्या मनगटात सरकवलं!

"गूळ मी मांडला, पाणी मजुरांनी ओतलं. पण नंदी बसवला मावशीच्या प्रश्नानं. म्हणून कडं तिचं! झाली ना बाई-उस्ताद? आणि मी तिच्या हाताखालची पोर. पंतकाका, नियम तुमचाच आहे. दार तुम्ही उघडता, की त्यालाही गूळ लावू?"

राजे असे हसले, की मंदिल कानावर आला. "पंत, उघडा दार! द्वारकाबाई, शिल्पशाळेचा पूर्वेचा सोपा तुमचा. पगार पंतांइतका. मुली किती घ्याल?"

"बारा, महाराज."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यापुढे अकरा पोरी रांगेत उभ्या होत्या. बारावी धापा टाकत आली, परकर खोचून, हातात हातोडी घेऊन. ती राजांची लेक होती!