रतनचे दोन दोर

चैत्र लागला, की निर्मळनाथ महाराजांचा मुक्काम बोरवंडच्या महादेवाच्या देवळात पडे, आणि त्यांची भाकरी येई रतनच्या घरून. रतन अंबाडीचे दोर वळी. कधी धोतर नेसे, कधी लुगडे. मिशीही राखी आणि कुंकूही लावी. बाई म्हणून भागत नसे, पुरुष म्हणूनही नाही. गाव आडून हसे. महाराज मात्र रतनला शेजारी बसवूनच जेवत.

चैत्राच्या जत्रेत निघणाऱ्या महादेवाच्या रथाला दोन दोर असत. उजवा पुरुषांनी ओढायचा, डावा बायकांनी. ज्याचा दोराला हात लागला तो गावचा, बाकीचे उपरे, असे लोक मानत. दोन्ही दोर दरवर्षी रतनच वळून देई, आणि दरवर्षी रतनला दोन्हीकडून हाकलले जाई. हे गावाला खटकतही नसे!

त्या वर्षी रतनने लुगडे नेसले, डोक्याला फेटा बांधला आणि थेट रथापुढे जाऊन दोराला हात घातला. रथाचे मानकरी हैबतराव चवरी घेऊन वर बसले होते. ते हसून म्हणाले, "आधी काय ते एक ठरव. बाई की बुवा? मग हात लाव."

रतनची मान खाली गेली नाही. "मला घडवताना देवाला एक ठरवावंसं वाटलं नाही, मालक. तुम्हाला कशाची घाई?"

चार जणांनी रतनला मागे ढकलले आणि रथ निघाला.

बारवेजवळ वळण होते. तिथे पुरुषांनी ईर्ष्येने जोर लावला, बायकाही हटेनात. या ओढाताणीत रथ वाकडा झाला, एक चाक बारवेच्या कठड्यावर चढले आणि हैबतरावांसकट रथ कलू लागला. जो तो दोर टाकून पळाला.

महाराज पुढे झाले. "रतन, दोर तुझे आहेत. धर."

कुठला, हे रतनने विचारलेच नाही. एक दोर उजव्या खांद्यावर घेतला, एक डाव्या, आणि मधोमध पाय रोवले. महाराजांनी डोळे मिटून शिवनाम घेतले. काय सांगावे! शंभर हातांना न आवरलेला रथ सरळ झाला आणि गाईमागे वासरू यावे तसा रतनच्या मागोमाग देवळापर्यंत आला.

हैबतराव खाली उतरले आणि महाराजांपुढे वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "ज्या हातांनी तुम्हाला वाचवलं, त्यांना आधी गावचं म्हणा."

हैबतराव रतनकडे वळले. पुढच्या वर्षी कुठला दोर धरणार, सांगाल तो देऊ, असे कसेबसे म्हणाले.

"तेव्हा मनाला येईल तो धरीन," रतनने सांगितले. "दोन्ही धरावेसे वाटले तर दोन्ही. पण तुम्हाला विचारून नाही."

साऱ्या गावादेखत हैबतरावांनी पागोटे उतरवले आणि रतनच्या पायांवर डोके ठेवले.