पुरे म्हणणारा

फार पूर्वी एका जीपमध्ये रोज भांडण जुंपे. दिव्यांचे बल्ब पटापट उडत आणि सगळे बॅटरीवर खापर फोडत.

उकळून उकळून बॅटरी कावली. "अरे, मी मागते कुठे? हा डायनॅमोच पोट फुटेस्तोवर माझ्या पानात वीज वाढतोय!"

"मला पुरे म्हणायला रेग्युलेटर आहे ना?" डायनॅमो गुरगुरला.

"मग कुठे कडमडलाय तो?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. दसऱ्याला हॉर्नलासुद्धा कुंकू लागे, त्याला कधीच नाही. शेवटी मेकॅनिक महादबाला तो हॉर्नच्या मागे सापडला, जळून कोळसा झालेला. त्याने नवा बसवला.

पहिल्याच फेरीत नवा म्हणाला, "बस, पुरे."

"हा कोण टिकोजीराव मला अडवणारा?" डायनॅमो भडकला.

"आमचा उजेडही कमी केला मेल्यानं!" दिवे कुरकुरले.

"जाळा ह्यालाही," बॅटरी करवादली, "आणि मग घाला मलाच शिव्या!"