भैरोबाची खोळ आणि वारुणांचं कपाळ

"पण मग खरा चेहरा कोणता, महाराज? आतला, की बाहेरचा?"

रामगिर गोसावी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसून शेंदराच्या खपल्या फडक्यात गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

सोमवारी पहाटे टेकडीवरच्या भैरोबाची खोळ आपोआप सुटली होती. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढून जाड झालेलं कवच गळून पडलं होतं. तोपर्यंत भैरोबा गोल तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा होता. आतून निघाला तो लांबट चेहऱ्याचा, बारीक मिशांचा.

प्रश्न विचारणारा पुष्कर रिसबूड भैरोबाचा भक्त नव्हता. तो 'दूरतारा' नावाच्या अंतराळातल्या मालिकेचा भक्त होता. दोन्हीकडे भांडणं सारखीच होतात.

"बाळा, तू द्येवाचं इचारत न्हाईस," गोसावी म्हणाले. "कुनाचं तोंड इचारतोस?"

"वारुणांचं."

"ह्ये कोन?"

"परग्रहावरचे लोक. मालिकेतले." पुष्करने पिशवीतून फाइल काढली. चांगली एक्केचाळीस पानं होती. "जुन्या भागांत त्यांचं कपाळ सपाट आहे, तुमच्या-माझ्यासारखं. नव्या भागांत कपाळावर कंगोरे आहेत."

"शिंगं?"

"शिंगं नाहीत, महाराज. कंगोरे. शिंगं म्हणणारे वेगळे, त्यांच्याशी आम्ही बोलत नाही."

गोसाव्यांनी गंभीरपणे मान हलवली. जुन्या देवळात आयुष्य काढलेल्या माणसाला असल्या गोष्टींची सवय असते.

"वय झालं आसंल त्येंचं. म्हातारपनी कंगोरं येत्यात."

"तिथंच तर घोळ आहे! नवे भाग जुन्या भागांच्या शंभर वर्षं आधी घडतात. म्हणजे आधी कंगोरे, मग सपाट. आम्ही वर्षवार मांडलेला अख्खा कालपट कोसळतो."

"कोसळतो?"

"...सगळा."

आणि खरंच त्याचा आवाज कापला. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. चौदा वर्षं जीव लावलेली गोष्ट कोसळताना कुणाचाही आवाज कापेल.

"मंग त्याचा निकाल माज्याकडं व्हय?"

"पेपरात तुमच्या भैरोबाचं वाचलं. तुम्ही आतला चेहरा खरा म्हणालात, तर जुनं ते खरं, एवढं तरी ठरतं. कंगोरेवाले वारुण नाहीतच, दुसरी जमात आहे, हे मी सांगू शकतो."

"कुनाला?"

"...दिगूला."

मग त्याने सांगितलं. दिगंबर शेट्ये. शाळेतला मित्र. आठवीत दोघांनी मिळून तो कालपट लिहायला घेतला होता, एकाच वहीत, एकाच शाईने. यंदा चाहत्यांच्या भर मेळाव्यात पुष्करने दोन जमातींचा सिद्धांत मांडला, तेव्हा दिगू मागून म्हणाला, "पुष्क्या, कपाळ बदललं, माणसं तीच. तोंडं रंगवणारे सुधारले रे. मला दोन्ही आवडतात."

सगळे हसले. त्याच संध्याकाळी पुष्करने त्याला गटातून काढून टाकलं.

"किती दिस झालं?"

"आठ महिने."

गोसावी उठले. मोठं कवच त्यांनी नव्या कापडात गुंडाळलं आणि पुष्करच्या हातात दिलं.

"धर. खोळ पान्यात सोडायची आसती."

कुंड टेकडीच्या पायथ्याशी होतं. पायऱ्या तापल्या होत्या, पाय अनवाणी होते, आणि ओझं दिसत होतं त्याच्या दुप्पट होतं. पुष्कर एकेक पायरी बघून उतरला. फाइल वरच राहिली होती. ते निम्म्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, पण तो परत फिरला नाही.

कुंडाशी पोचल्यावर गोसाव्यांनी विचारलं, "भैरोबा कुटं हाय?"

"वर. गाभाऱ्यात."

"नक्की?"

"नक्की."

"मंग ह्ये छातीशी धरून का आनलंस? दिलं आसतंस वाटंत टाकून."

पुष्करने खाली पाहिलं. पांढरा सदरा शेंदराने माखला होता.

"...टाकवलं नसतं, महाराज."

दोघांनी मिळून खोळ पाण्यात सोडली. कापड थोडा वेळ तरंगलं आणि मग बुडालं.

गोसावी पायरीवर टेकले. पुष्कर उभाच होता.

"महाराज... दिगूला अपघात झाला. दोन महिन्यांपूर्वी. जबडा मोडला. गालाचं हाड नवीन बसवलं."

"भेटलास?"

"निकाल लागला की जाणार होतो. काहीतरी हातात घेऊन जावं म्हटलं."

"कशापायी?"

"आठ महिने बोललो नव्हतो. नुसतं कसं जायचं?"

गोसावी त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही. आजाऱ्याकडे बघावं तसे.

"...गेलो होतो," पुष्कर म्हणाला. "एकदा. वॉर्डच्या दारापर्यंत."

"मंग?"

"दाराला काच होती. काचेतून पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, गाल खोल गेलेला... तो दिगूसारखा दिसतच नव्हता, महाराज. मला ओळखूच येईना. नर्सला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, हाच शेट्ये."

"आन् तू?"

"परत फिरलो."

आता तो रडत होता. डोळे पुसायला गेला, तर शेंदूर गालाला लागला.

गोसावी खाली वाकून कुंडात हात धूत राहिले. शेंदूर चिवट असतो, लवकर जात नाही.

"तवा त्यो झोपला हुता का जागा?"

"जागा होता. दाराकडंच बघत होता."

गोसाव्यांनी ओले हात उपरण्याला पुसले.

"मंग त्यानं तरी तुला वळखलं का रं?"