डावा हात की उजवा

“...पण मॅडम, विचारायचं ते सगळं विचारलं मी. आता आणखी काय राहिलं?”

विभागप्रमुख खोब्रागडे मॅडम हात धूत होत्या. साबण लावून, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

“काय काय विचारलंस?”

“जबरदस्ती होतेय का? कुणी मारतं का? हा माणूस खरंच तुझा मामा आहे का?” डॉ. ओजस पाटणकर घडाघडा बोलत होता. “प्रशिक्षणात शिकवलेले सगळे प्रश्न. एकही सोडला नाही.”

“बरं. आणि तेव्हा मामा कुठं होता?”

“तिथंच. मुद्दाम ठेवला होता! चौकीतल्या हवालदारालाही बोलावून शेजारी उभं केलं. म्हटलं, समोरासमोर होऊन जाऊ दे.”

“मग झालं?”

“...मामाच आहे म्हणाली.”

मॅडमनी नळ बंद केला.

गाव जंक्शनचं. फलाटावर कुणाला काही झालं की रुग्णवाहिका त्याला या सरकारी दवाखान्यात, तातडीच्या विभागात आणून सोडते. त्या दुपारी तिनं एका मुलीला आणलं होतं. सोळा-सतरा वर्षांची, तापानं फणफणलेली, फलाटावर चक्कर येऊन पडलेली. सोबत मामा. सुरतेला कामाला नेतोय म्हणाला. संध्याकाळची गाडी आहे, लवकर सोडा म्हणाला. मुलीचं नाव पूजा, हेही त्यानंच सांगितलं. वय, गाव, ताप कधीपासून, जेवली कधी, सगळं त्यानंच. मुलीनं फक्त मान हलवली.

पाटणकरला संशय आला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. मुलींना फसवून नेणारे लोक दवाखान्यात आले तर कसे ओळखावेत, याचं प्रशिक्षण तो नुकतंच पुण्याहून घेऊन आला होता. तिथं तो पहिला आला होता. हे साऱ्या विभागाला ठाऊक होतं, कारण त्यानं कुणाला विसरूच दिलं नव्हतं.

“मॅडम, एकदा गाडीत बसली की गेली ती. पुन्हा सापडायची नाही. आणि ती स्वतःच मामा म्हणतेय, तर मी तिला अडवू कशाच्या जोरावर?”

पोरगा गर्विष्ठ होता, पण खोटा नव्हता. मॅडमना तो आवडायचा तो त्यामुळंच.

“चल,” त्या म्हणाल्या.

मामा खाटेच्या उशाशी स्टुलावर बसला होता. मुलीची पिशवी त्याच्या मांडीवर.

“मामा का तुम्ही?”

“हो, मॅडम.”

“सख्खे?”

“एकदम सख्खा. हिच्या आईच्या पाठचा भाऊ.”

“बरं झालं बाई! पोरीच्या अंगात रक्तच नाही. घरचा सख्खा मामा असताना रक्तपेढीपुढं हात कशाला पसरायचे? चला, द्या एक बाटली.”

मामाचा चेहरा उतरला. “मी? मला जरा... गाडीची वेळ...”

“भाचीला नाही म्हणता?”

मॅडमचा आवाज मुळातच मोठा. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक वळून बघायला लागले. समोरच्या खाटेवरची म्हातारी तर उठूनच बसली. “असा कसा मामा वो बाई हा!”

सख्खेपणा अंगाशी आला. मामा उठला. आयामावशींनी त्याला पुढं घातलं आणि जिना चढवून रक्तपेढीत नेलं.

पाटणकरला हसू आवरेना. “आता विचारू मी?”

“तू सलाइनची बाटली धर. स्टँड म्हातारीला लागलाय. उंच धर. आणि तोंड मिटून घे.”

मॅडम स्टुलावर बसल्या.

“पूजा, सुई डाव्या हातात टोचू का उजव्या?”

मुलगी दाराकडं बघायला लागली. नेहमी तिकडून कुणीतरी उत्तर देत असावं. दारात कुणी नव्हतं.

मॅडम थांबल्या.

...

पाटणकरचा हात भरून आला. संध्याकाळची गाडी त्याच्या डोक्यात आत्ताच धडधडायला लागली होती. “मॅडम, वेळ—”

“उंच धर.”

...

मुलीनं डावा हात पुढं केला. अगदी जरासा.

“डावा. बरं.” सुई गेली. “खिडकी उघडू का राहू दे?”

पुन्हा तेच. पुन्हा दाराकडं नजर. मॅडमना मात्र जणू आज दुसरं कामच नव्हतं.

“...उघडा.”

मॅडमनी स्वतः उठून खिडकी उघडली. बाहेर निंबावर साळुंक्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं, ते आत आलं.

“चहा घेतं का दूध?”

“चहा.” या वेळी ती दाराकडं बघायचं विसरली.

“साखर?”

“जास्त.”

समोरची म्हातारी खुदकन हसली. पाटणकरला राहवेना.

“मॅडम, हे काय चाललंय? हॉटेल आहे का हे? मुद्द्याचं विचारा ना!”

मॅडमनी ऐकलंच नाही. चहा आला. मुलीनं कप दोन्ही हातांत धरला, सलाइनच्या नळीसकट, आणि फुंकर घालून प्यायली. तिच्या गालांवर थोडा रंग आला.

“पूजा, बिस्कीट देऊ?”

“पूजा नाही.”

...

“पूजा नाही मी. बुधरी.”



“बुधरी,” मॅडम म्हणाल्या, अजून बिस्किटाचंच विचारत असल्यासारख्या, “त्या माणसासंगं जायचं आहे का तुले?”

मुलीनं कप खाली ठेवला.

“नाही.”

आणि एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेचना. “मले नाही जायचं. तो मामा नाही माझा. बाजारात भेटला. काम देतो म्हणाला, मंग घरी फोनच करू देत नाही. मले आईकडं जायचं आहे. मले नाही जायचं त्याच्यासंगं!”

शेवटचं वाक्य सगळ्या खाटांना ऐकू गेलं. म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला आणि त्याच पदराआडून त्या मामाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“दे ती बाटली इकडं,” मॅडम पाटणकरला म्हणाल्या. “आता फोन कर. पोलिसांना आणि बालकल्याण समितीच्या ताईंना.”

तो पळाला. इतक्या आनंदानं पळणारा डॉक्टर त्या दवाखान्यात आजवर कुणी पाहिला नसेल.

पोलीस वर पोचले तेव्हा मामा रक्तपेढीत आडवा होता. दंडाला पट्टा, हातात सुई, बाटली अर्धी भरलेली. उठायचं म्हणाला, पण उठणार कसा? तंत्रज्ञ शांतपणे म्हणाला, “साहेब, एवढी भरू द्या, मग न्या.” साहेब थांबले. बुधरीसारख्या आणखी कुणाकुणाला त्यानं नेलं होतं, ते सगळं पुढं चौकीत बाहेर पडलं. रक्त मात्र चांगलं निघालं.

दुसऱ्या दिवशी सगळा दवाखाना खुशीत होता. बुधरीचा ताप उतरला होता. समितीच्या ताई तिच्याशी बोलून गेल्या होत्या. तिची आई गावाहून निघाली होती, आणि ती येईपर्यंत बुधरी ज्याला त्याला विचारत होती, कुठवर आली असेल? आयामावशींनी तिची वेणी घालून दिली होती. ती सुद्धा एक नाही, दोन, कारण तिला दोनच हव्या होत्या.

तोंड पाडून फिरत होता तो एकटा पाटणकर.

“काय रे बावा,” मॅडमनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं, “पेढे वाटायचे सोडून तोंड काहून पाडलंस?”

“ती ऐकत नाही, मॅडम.”

“कोण?”

“बुधरी. खिचडी नको म्हणते, मासळी पाहिजे. इंजेक्शन मी द्यायचं नाही, सिस्टरनीच द्यायचं. खाटही बदलून घेतली, त्या म्हातारीशेजारची.”

“मग?”

“ते जाऊ दे. पुढच्या प्रशिक्षणात दाखवायला तिचा एक फोटो घ्यायला गेलो. चेहरा झाकून, हं! तर साफ नाही म्हणाली. मी समजावलं. काल कुणी ओळखलं, कुणी फोन केले, कुणी धावपळ केली, सगळं नीट सांगितलं. तर तिनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं आणि आतून म्हणाली, जा तुम्ही!”

मॅडम हसायला लागल्या. आधी हळू, मग मोठ्यानं, मग टेबल धरून. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्मा काढून पुसावा लागला.

“हसता काय, मॅडम? मी तिला सोडवलं, आणि ती माझंच ऐकत नाही!”

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग सुटली म्हणायची.”