हासूचा खडक

फार वर्षांपूर्वीची, खाडीत इंजिनाचा आवाज नव्हता तेव्हाची ही गोष्ट. करंजवेळेच्या खाडीचं तोंड अरुंद, त्यात कडेला एक काळा खडक. दोन होड्यांना अंग चोरूनच जावं लागे. आधी कोणी जायचं, कोणी कुठे वळायचं, काही नियम नव्हता. जो अडून बसेल तो जाई आणि दुसरा शिव्या घालत थांबे.

हासू तांडेल सुकाणूला सगळ्यांत पक्का. पण जोमाची होडी दिसली की लोक हसत बाजूला होत आणि हासूची दिसली की कोणी तसूभर हलत नसे. जोमाला सुकाणू धरायला शिकवलं होतं ते हासूनंच, म्हणून त्याच्या पोटात जास्तच दुखे. आपल्याच ताटातला घास कोणी उचलून नेतंय, असं त्याला वाटे. शेवटी त्यानं दर्याची आण घेतली, की जोमा माझ्यासाठी वळेपर्यंत मी कोणासाठीही वळणार नाही.

बाजाराच्या दिवशी खाडी होड्यांनी गजबजली होती. जोमा भरल्या होडीनं आत येत होता, हासू बाहेर निघाला होता. तोंडावर दोघे समोरासमोर आले. तेव्हा दर्याची गाजही थांबली, असं म्हणतात. जवळ येताच हासूला जोमाचा सुकाणूवरचा हात दिसला. शिकवलं होतं तसाच ठेवलेला. त्याचं मन विरघळलं. त्यानं आण मोडली आणि होडी खडकाकडे वळवली. त्याच क्षणी जोमानंही, हा काही वळायचा नाही म्हणून, आपली होडी खडकाकडेच वळवली.

दोन्ही होड्या फुटल्या. पाण्यात हासूनं जोमाचा हात धरला. जोमा एवढंच म्हणाला, "दादा, तू वलशील असा वाटलाच नव्हता रं." मग ओहोटीनं त्याला ओढून नेलं.

हासू पुन्हा होडीत बसला नाही. तो त्या खडकावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगू लागला, की दोघांनीही आपापल्या उजव्या हाताला वळा. धुक्यात त्याचा आवाज पलीकडच्या गावात ऐकू जाई. पायांवर कालवांचे शिंपले चढले तरी तो उठला नाही आणि एका भरतीत त्याचाच खडक झाला, असं म्हणतात.

आज समोरून कोणी येत नसलं तरी तिथे प्रत्येक होडी उजवीकडे वळते. जन्मभर त्याला कोणी वाट दिली नाही, आता अख्खी खाडी देते. नवी होडी पाण्यात उतरली की खडकापाशी नारळ फुटतो. पहिलं भकल जोमाच्या नावानं पाण्यात सोडायचं, असं हासूनंच सांगून ठेवलंय. दुसरं खडकावर ठेवून तांडेल हळूच म्हणतो, "हासूबा, वललो रं."