ठकूबाईच्या चार भेदरलेल्या कोंबड्या

कुठल्याशा डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्याचं नाव मला माहीत नाही, तेव्हा विचारू नका. त्या गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. बाई कामाला चपळ, मनानं चांगली, पण एक खोड होती. कुणी काही सांगितलं की तिला ते लगेच पटायचं. दुसऱ्यानं उलटं सांगितलं की तेही पटायचं.

तिची लेक मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ चांगलं गुटगुटीत झालं, पण मंजुळाच्या अंगात त्राण उरलं नाही. वैद्यबुवा म्हणाले, "हिला रोज एक ताजं अंडं द्या, नाहीतर ही लवकर उठायची नाही." ठकूबाईनं दुसऱ्याच दिवशी आपली एकुलती एक शेळी देऊन पलीकडच्या गावातून चार कोंबड्या आणल्या.

कोंबड्या कसल्या, नुसत्या भित्र्या भागूबाई! पान हललं की फडफडायच्या, भांडं वाजलं की एकमेकींच्या अंगावर चढायच्या. बांबूच्या डालग्याखाली चौघी कोपऱ्यात दाटून बसायच्या आणि ठकूबाई नुसती डोकावली तरी कलकलाट करायच्या. घाबरलेली कोंबडी कुठलं अंडं घालते? मंजुळा रोज विचारायची, "आई, घातलं का गं?" आणि ठकूबाईचा जीव तुटायचा.

त्या गावात एक रीत होती. नव्या कोंबडीला घर कळावं म्हणून तिला आधी चुलीभोवती फिरवायचं आणि मगच परसात मोकळं सोडायचं.

"तीन फेऱ्या मार गं," शेजारची सुतारीण म्हणाली. ठकूबाईनं चौघींना तीन-तीन फेऱ्या मारवल्या.

तेवढ्यात कुंभारीण आली. "अगं बाई! तीन कुणी सांगितल्या तुला? पाच मारायच्या, त्याही उलट्या!"

ठकूबाईनं चौघींना पुन्हा उलटं फिरवलं. आता त्यांना घर कळलं की घेरी आली, देव जाणे.

"आठ दिवस डालग्याखालून काढू नकोस," सुतारीण म्हणाली.

"कोंडून ठेवलंस तर परस कसं कळेल त्यांना? आजच सोड," कुंभारीण म्हणाली.

मग काय विचारता! ठकूबाई सकाळी कोंबड्या सोडायची आणि दुपारी पकडून कोंडायची. डालगं एके दिवशी पेरूच्या झाडाखाली, दुसऱ्या दिवशी ओट्याशी. ओट्यावर वारा लागतो असं कुणीतरी म्हणालं, म्हणून तिसऱ्या दिवशी गोठ्यात. आज ज्वारी, उद्या कण्या. एकदा "या गं बायांनो" म्हणून हाक मारायची, एकदा थाळी बडवायची. कोंबड्या बिचाऱ्या माना वाकड्या करून बघत राहायच्या. ही बाई बोलावतेय की हाकलतेय, हेच त्यांना कळेना.

सहाव्या दिवशी ऊन उतरत असताना चौघी परसात होत्या. ठकूबाई पकडायला गेली आणि चौघी चार दिशांना पळाल्या. आरडाओरडा ऐकून सुतारीण केरसुणी घेऊन आली, कुंभारीण काठी घेऊन.

"इकडून वळव!"

"इकडून नाही, तिकडून!"

ठकूबाई इकडे धावली, तिकडे धावली. वांगी तुडवली, मिरचीचं रोप मोडलं. एक तांबडी कोंबडी जीव घेऊन पार कुंपणापाशी गेली. कुंपणात मुंगूस होतं. एकदाच ओरडल्याचा आवाज आला आणि मागे चार पिसं उरली.

ठकूबाई जागीच थांबली. उरलेल्या तिघी कुंपणाबाहेरच्या झुडपात शिरल्या होत्या, आणि सूर्य डोंगराला टेकला होता.

"आता काय करू? मला काही सुचत नाही गं!" ती रडायलाच लागली.

"झुडूप झोडपून काढ," सुतारीण म्हणाली.

"दगड मार, म्हणजे उडतील," कुंभारीण म्हणाली.

एवढ्यात भिंत धरत धरत मंजुळा दारात आली. बाळ कडेवर होतं. "आई, तू खाली बस बघू. तुझी धावपळ बघून मलाच भोवळ येतेय. त्यांचं काय होत असेल?"

"बसू? अगं, मुंगूस तिथंच आहे!"

"म्हणून तर म्हणते. त्या तुझ्यापासून पळतात आणि त्याच्याजवळ जातात."

ठकूबाईला हे पटलं की नाही, तिलाही सांगता आलं नसतं. पण पाय थकले होते. तिनं डालग्याची एक कड दगडानं उचलून ठेवली, पुढ्यात मूठभर दाणे टाकले आणि बसली. मंजुळा शेजारी बसली. शेजारणी कुरकुरत ओट्याकडे सरकल्या.

बराच वेळ काहीच झालं नाही. ठकूबाई दोनदा उठायला गेली, दोनदा मंजुळानं तिचा पदर ओढला. मग झुडपातून एक करडी मान बाहेर आली. कोंबडी चार पावलं आली, थांबली, पुन्हा आली आणि दाणे टिपत डालग्याखाली गेली. तिच्या मागून दुसरी आली. तिसरीनं अगदी अंधार पडेपर्यंत जीव टांगणीला लावला, पण आली.

त्यानंतर ठकूबाईनं डालगं हलवलं नाही. दाणे तेच, हाक तीच, वेळ तीच. पाचव्या दिवशी गवतात एक कोमट अंडं सापडलं. मंजुळानं ते खाल्लं तेव्हा ठकूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

शेजारणी लगेच हजर. "बघ, माझ्या तीन फेऱ्यांचा गुण!"

"तीन कसल्या? माझ्या पाचांचा!"

ठकूबाईनं विचारलं, "मग तांबडी कुणाच्या फेऱ्यांनी गेली?"

दोघी आपापल्या घराकडे वळल्या. ठकूबाईनं मान खाली घालून कोंबड्यांना दाणे टाकायला घेतले, कारण तांबडीमागे काठी-केरसुणी नाचत होती खरी, पण तिला कुंपणापर्यंत पळवत नेलं होतं ठकूबाईनं स्वतःच.

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच, बाळांनो: घाबरलेल्याला जवळ आणायचं असेल, तर आधी आपण धावायचं थांबावं.